फिल्टर लावला म्हणजे झालं का? मील किट आणि घरातली ॲलर्जी

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की आम्ही घरी मील किट ट्राय करतोय, म्हणजे ते खोक्यात मोजून दिलेले जिन्नस आणि सोबत रेसिपी कार्ड येतं ना ते, आणि माझ्या धाकट्याला तीळ आणि काजू-पिस्त्याची ॲलर्जी आहे. झालं! त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, यावेळी फक्त हेच. मी डॉक्टर नाही हां, नऊ वर्षं लेबलं वाचत आलेली आई आहे, त्या हिशोबाने वाचा.

प्रश्न : ताई, मला दोन मुली, मोठी ८ वर्षांची, तिला शेंगदाणे आणि अंडं दोन्ही चालत नाही, एकदा हॉस्पिटलमध्ये पण न्यावं लागलंय. धाकटीला काही नाही. आम्ही दोघं नोकरी करतो आणि संध्याकाळी आज काय करायचं या प्रश्नानेच माझं डोकं उठतं. एका मील किटच्या ॲपवर ॲलर्जीचा फिल्टर आहे, शेंगदाणे आणि अंडं बंद केलं की उरलेल्या रेसिपी दिसतात. तेवढं केलं की पुरेसं आहे का? – दमलेली आई

सरळ सांगते, पुरेसं नाही. तो फिल्टर काय बघतो, तर रेसिपीच्या यादीत शेंगदाणा लिहिलाय की नाही, एवढंच. ती रेसिपी कुठल्या टेबलावर पॅक झाली, त्याच टेबलावर सकाळी काय होतं, ज्या माणसाने पुड्या भरल्या त्याच्या हातमोज्यांना काय लागलं होतं, हे फिल्टरला माहीतच नसतं. जिला शेंगदाणे आवडत नाहीत तिच्यासाठी तो फिल्टर उत्तम आहे, पण तुमच्या मुलीचा प्रश्न आवडीचा नाहीये.

किट तयार कसं होतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. मोठ्या पोत्यातून, डब्यातून जिन्नस येतात, ते एका मोठ्या जागेत छोट्या छोट्या पुड्यांमध्ये भरले जातात आणि मग कोणीतरी रांगेने ठेवलेल्या टोपल्यांमधून एकेक पुडी उचलून तुमचं खोकं भरतं. त्या आठवड्यात १५-२० वेगवेगळ्या रेसिपी असल्या तर त्यातल्या दोन-चारमध्ये शेंगदाणे असणारच आणि ते त्याच छताखाली असणार. याला क्रॉस कॉन्टॅक्ट म्हणतात, एका पदार्थाचं प्रोटीन दुसऱ्याला लागणं. आणि शेंगदाण्याचं प्रोटीन शिजवून मरत नाही बरं का, भाजल्यावर तर त्याची ॲलर्जी करायची ताकद उलट वाढते, त्यामुळे आपण गॅसवर चांगलं शिजवतोच की असं मनाला समजावू नका.

म्हणून ऑर्डर करायच्या आधी कंपनीला लिहा, फोन नको, लेखी उत्तर हवं. रेसिपीत शेंगदाणा आहे का हे विचारूच नका, ते ॲपवर दिसतंच. विचारा की सुट्या पुड्या तुम्ही स्वतः भरता की बाहेरून सीलबंद येतात, भरत असाल तर शेंगदाण्याची आणि बाकीची लाइन वेगळी आहे का, एकच असेल तर मधे धुता कसं, आणि एखादा जिन्नस संपला म्हणून बदलला तर मला खोकं निघायच्या आधी कळवता की खोक्यात चिठ्ठी टाकता. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर पुढे येतेच.

उत्तर कसं येतं त्यावरून खूप कळतं. "आमच्याकडे सगळे ॲलर्जन एकाच जागेत हाताळले जातात, तीव्र ॲलर्जी असेल तर आम्ही खात्री देऊ शकत नाही" असं उत्तर आलं की वाईट वाटतं, पण मी म्हणेन ती कंपनी निदान खरं बोलतेय. "काळजी करू नका मॅडम, आम्ही खूप स्वच्छता पाळतो" असं आलं तर मात्र मी तिथेच थांबेन, कारण स्वच्छता आणि ॲलर्जी हे दोन वेगळे विषय आहेत आणि हे ज्याला माहीत नाही तो माझ्या पोराच्या पुड्या भरणार.

तुमच्या मुलीला आधीच एकदा हॉस्पिटलपर्यंत जावं लागलंय, त्यामुळे पहिला फोन तिच्या डॉक्टरांना. काही घरांना डॉक्टर स्पष्ट सांगतात की एकाच छताखाली पॅक झालेलं काहीच नको, मग विषयच संपला. हो म्हणाले तर एक मधला रस्ता आहे जो आम्ही वापरतो : किटमधल्या भाज्या आणि सीलबंद, नीट लेबल असलेल्या गोष्टीच घ्यायच्या, मसाल्याच्या आणि सॉसच्या पुड्या बाजूला ठेवायच्या आणि त्याजागी घरातलं नेहमीचं, तपासलेलं घालायचं. मग किट कशाला घ्यायचं असं माझ्या नवऱ्याने पण विचारलं होतं. अहो, पण अर्धा थकवा स्वयंपाकाचा नसतोच, आज काय करायचं हे ठरवण्याचा असतो, आणि तुम्ही पत्रात लिहिलंयत पण तेच ना? तेवढं त्या खोक्याने वाचतं.

प्रश्न : पुडीवर "तिळाचा अंश असू शकतो" असं काही लिहिलेलं नसेल तर तीळ नाहीतच असं धरायचं का? – तिळाच्या ॲलर्जीवाली, वय ३४

नाही हो. हा घोळ फार लोकांचा होतो, माझाही कित्येक वर्षं होता. जो पदार्थ मुद्दाम घातलाय तो लेबलवर लिहिणं हा कायदा. पण "अंश असू शकतो" ही जी ओळ असते ती बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे, अमेरिकेत तर नक्कीच आणि युरोपातही. कंपनीला वाटलं तर लिहिते, नाही वाटलं तर नाही. एक कंपनी स्वतःला वाचवायला सगळ्यावर छापते, दुसरी खरंच धोका असून काही लिहीत नाही, म्हणून ओळ नाही याचा अर्थ फक्त ओळ नाही.

त्यात तीळ म्हणजे अजून गंमत. कुठला पदार्थ ठळक सांगायचा याची यादीच प्रत्येक देशात वेगळी. युरोपियन युनियनच्या यादीत १४ गोष्टी आहेत, त्यात तीळ, मोहरी, सेलरी सगळं येतं. अमेरिकेत आधी ८ होत्या, २०२१ च्या कायद्याने तीळ नववा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून लिहिणं सक्तीचं झालं, मोहरी तिथे अजून नाही. भारतात २०२० च्या लेबलिंगच्या नियमांमधल्या यादीत तीळही नाही आणि मोहरीही नाही. मग तीळ "मसाले" या एका शब्दाखाली लपू शकतात. आणि अमेरिकेत सक्ती झाल्यावर काही बेकऱ्यांनी काय केलं माहितीये, मशिनं इतकी साफ ठेवणं जमेना म्हणून ज्या ब्रेडमध्ये तीळ नव्हते त्यात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घालायला सुरुवात केली आणि लेबलवर तीळ छापून मोकळे झाले! म्हणजे कालपर्यंत चालणारा ब्रेड आज चालेना, आणि तोही कायदा पाळूनच.

तुमच्यासाठी सांगायचं तर किटमधल्या पुडीवर नुसतं "मसाला मिश्रण" किंवा "ड्रेसिंग" लिहिलं असेल आणि आत काय आहे त्याची पूर्ण यादी नसेल तर ती पुडी कचऱ्यात, वास घेऊन, चव बघून ठरवायचं नाही. ताहिनी म्हणजे तीळच हे तर तुम्हाला माहीत असणारच.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दूध सोसत नाही. एका कंपनीचा व्हीगन प्लॅन आहे, तो घेतला की दुधाचं टेन्शन मिटेल ना?

सोसत नाही म्हणजे काय, ते आधी नीट सांगा मला. दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात, पण बाकी काही नाही, तर बहुतेक लॅक्टोजचा प्रश्न असतो, म्हणजे दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी पडतं. त्रास होतो पण जीवाला धोका नसतो, चिमूटभर इकडे तिकडे झालं तर चालून जातं, त्यांच्यासाठी व्हीगन प्लॅन मस्त आहे, घ्या बिनधास्त. पण अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वासाला त्रास होतो असं काही होत असेल तर ती दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी आहे, तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच दुधावर तुटून पडते, आणि मग व्हीगन हा शब्द तुमच्या काही कामाचा नाही.

कारण व्हीगन म्हणजे कंपनीने प्राण्यांपासूनचं काही मुद्दाम घातलेलं नाही. शेजारच्या लाइनवर चीज किसत असतील आणि त्याचे कण उडत असतील तर ते त्या शब्दात धरलेलं नसतं. तो खाणाऱ्याच्या तत्त्वाचा शब्द आहे, ॲलर्जीवाल्याच्या सुरक्षिततेचा नाही. "नॉन डेअरी" त्याहून फसवा, त्यात केसिनेट असू शकतं आणि ते दुधाचंच प्रोटीन. व्हे, केसिन, तूप, लोणी ही सगळी दुधाचीच मंडळी. आणि कोणी बकरीचं दूध घ्या म्हणालं तर नको, गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना बकरीचंही चालत नाही, दोन्हीतली प्रोटीनं फार सारखी असतात.

नक्की काय आहे हे माहीत नसेल तर किटच्या आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा, खोकं काय पुढच्या आठवड्यातही मागवता येईल.

प्रश्न : मला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन चालत नाही. "गव्हाशिवाय" असं लिहिलेल्या रेसिपी घेऊ का?

गव्हाशिवाय आणि ग्लूटेन-फ्री एकच नाही, बार्ली म्हणजे जव आणि राय (हेही गव्हासारखं धान्य, मोहरीवाली राई नव्हे) यांच्यातही ग्लूटेन असतं. ग्लूटेन-फ्री हाच शब्द शोधा, त्याची मर्यादा बहुतेक देशांत एका किलोमागे २० मिलिग्रॅम इतकी ठरलेली आहे. पण तो शब्द पुडीवर हवा, रेसिपीच्या नावात नव्हे, आणि किटमध्ये सोया सॉसची पुडी दिसली की थांबा, साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स असतील तर तेही ग्लूटेन-फ्री म्हणून वेगळे लिहिलेलेच घ्यायचे, कारण शेतापासून गिरणीपर्यंत ते गव्हाच्या संगतीत असतात.

प्रश्न : आम्ही दीड महिना किट घेतोय, मुलाला अक्रोडाची ॲलर्जी. सगळं छान चालू होतं आणि मागच्या आठवड्यात कार्डवर एक सॉस आणि खोक्यात दुसरंच सॉस. मी वापरलं नाही, काही झालं नाही. पण मी खूप घाबरले आणि किट बंद करूया म्हणाले तर घरचे म्हणतात उगाच बाऊ करतेस, सासूबाई तर म्हणाल्या की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. कोण बरोबर? – गोंधळलेली

पहिलं म्हणजे तुम्ही बरोबर. बाऊ नाही तो, तुम्ही वेळेवर बघितलंत म्हणून काही झालं नाही, आणि गंमत अशी की काही झालं नाही म्हणूनच आता सगळे म्हणतायत की काही नव्हतंच.

आमच्याकडे अगदी हेच झालंय. तिसऱ्या की चौथ्या खोक्यात. कार्डवर छान फोटो, जिन्नसांची यादी, तीळ कुठेच नाहीत. मी भाज्या चिरत होते, नवरा पुड्या फोडत होता, आणि त्याला सवय आहे मोठ्याने वाचायची (एरवी मला ती सवय भयंकर वाटते, शेअर बाजाराच्या बातम्यासुद्धा मोठ्याने वाचतो), तर तो सॉसच्या पुडीवरची ती मुंगीएवढी अक्षरं वाचत होता आणि वाचता वाचता म्हणाला "तीळ". दोघंही थिजलो. कार्ड काही महिन्यांपूर्वी छापलेलं, नेहमीचं सॉस संपलं म्हणून त्यांनी दुसरं टाकलं, ईमेल आला होता म्हणे, तो प्रमोशनच्या फोल्डरमध्ये, पन्नास टक्के सूट वगैरेंच्या मधे पडलेला. कंपनीला लिहिलं तर सॉरी म्हणाले आणि पुढच्या खोक्यावर सवलत दिली. मला सवलत नको होती, मला ईमेलच्या विषयात "जिन्नस बदलला" हे शब्द हवे होते.

तेव्हापासून घरात नियम आहे की कार्ड म्हणजे जाहिरात आणि पुडी म्हणजे खरं. तीनदा वाचायचं, रेसिपी निवडताना, खोकं उघडल्यावर सगळ्या पुड्या ओट्यावर मांडून, आणि कढईत ओतायच्या आधी परत. तिसऱ्यांदा वाचताना कंटाळा येतो आणि तोच कंटाळा धोकादायक. एकेका पुडीच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून ठेवते आणि रिकाम्या पुड्या दुसऱ्या दिवशीपर्यंत फेकत नाही, कारण काही झालंच तर डॉक्टर पहिलं विचारणार काय खाल्लं, आणि तेव्हा घाबरून काहीही आठवत नाही. लेबल नसलेली पुडी आली तर तिचं काय करायचं ते वर लिहिलंयच.

अक्रोडाबद्दल एक राहिलं, ज्याला अक्रोड चालत नाही त्याला बऱ्याचदा पेकान हा अक्रोडासारखाच सुकामेवाही चालत नाही, जसं काजू-पिस्त्याचं जोडपं आहे तसं हे. पेकान आपल्या डोक्यातही येत नाही पण किटवाल्यांच्या सॅलडमध्ये सारखा दिसतो. मुलाच्या टेस्टमध्ये तो बघितलाय का ते डॉक्टरांना विचारून घ्या. नारळाचं मात्र उगाच टेन्शन घेऊ नका, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, जानेवारी २०२५ मध्ये त्याला ॲलर्जीसाठी लेबलवर लिहायच्या नट्सच्या यादीतून काढलंय, बहुतेकांना चालतो, पण हेही विचारूनच.

बंद करायचं का? मी केलं नाही, कंपनी मात्र बदलली. आता जिथून घेते तिथे बदल झाला तर खोकं निघायच्या आधी फोनवर मेसेज येतो आणि त्या आठवड्याचं खोकं रद्द करता येतं. तुमची कंपनी हे करत नसेल तर बंद करा, आणि घरच्यांना सांगा की बाऊ करत नाही, फक्त कंपनी बदलतेय. सासूबाईंना पुड्या वाचायच्या कामाला लावा. माझ्या सासूबाई भिंग घेऊन बसतात आणि आमच्या घरात त्यांच्याइतकं कडक कोणी तपासत नाही, "आमच्या वेळी" वगैरे कधी बंद झालं कळलं पण नाही.

प्रश्न : आमच्या घरात एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, पण धाकट्याला नाही, त्याला शेंगदाण्याचं सॉस असलेली रेसिपी हवी असते. एकाच खोक्यात दोन्ही मागवले तर?

मी मागवणार नाही. पुडी फुटते, गळते, आणि एक गळलेली पुडी म्हणजे अख्खं खोकं गेलं. धाकट्याला ते बाहेर खाऊ दे, मग घरी आल्यावर हात-तोंड साबणाने धुवायचं. साबणानेच, हँड सॅनिटायझरने जंतू मरतात पण शेंगदाण्याचं प्रोटीन हातावर तसंच राहतं, नुसत्या पाण्यानेही पूर्ण जात नाही. साबण-पाणी किंवा ओले वाइप्स. तरीही घरात करायचंच असेल तर ॲलर्जीवाल्याचं जेवण आधी करून, झाकून ठेवून मग दुसरं, आणि चिरायचा बोर्ड, उलथनं वेगळं. लाकडी बोर्ड तर वेगळाच हवा, त्याच्या चिरांमध्ये काय अडकतं ते आपल्याला दिसत पण नाही.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, मासे आणि कोळंबी दोन्हीची ॲलर्जी. त्याला आता किट मागवून मित्रांबरोबर स्वतः स्वयंपाक करायचाय, आम्ही घरी नसताना. मला हो म्हणावंसं वाटतंय पण हात थरथरतात. – पंधरा वर्षांच्या मुलाची आई

हो म्हणा. दोन-तीन वर्षांत तो घराबाहेर राहायला जाईल आणि तेव्हा लेबल वाचायला तुम्ही नसणार, मग आत्ता तुमच्या ओट्यावर शिकलेलं बरं. पण हेही खरं की अन्नाच्या ॲलर्जीत टीनएजर आणि नुकती विशी गाठलेल्यांनाच सगळ्यात जास्त धोका असतो, ॲलर्जी वाढते म्हणून नाही, मित्रांसमोर लेबल वाचायची लाज वाटते, ॲलर्जीचा झटका आला तर घ्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन बॅगेत राहतं, बॅग दुसऱ्या खोलीत, आणि थोडं घशात टोचलं तरी पोरं काही नाही म्हणून उडवून लावतात.

म्हणून पहिली दोन किट तुम्ही घरी असताना करू द्या, पण स्वयंपाकघरात जाऊ नका, बाहेर बसा (मला माहितीये किती अवघड आहे ते). पुड्या त्याने वाचायच्या, मित्राने परत वाचायच्या. माशांच्या ॲलर्जीत सॉसच्या पुड्या फार फसवतात, वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात आणि नावावरून काही कळत नाही. रेसिपी दुपारची ठेवा, रात्री अकराची नको, काही झालं तर मदत पटकन मिळायला हवी.

आणि निदान एका मित्राला तरी हे माहीत हवं : श्वास घ्यायला त्रास, आवाज बदलणं, चक्कर, किंवा पुरळाबरोबर उलट्या असं काही दिसलं की डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आधी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरून चालतं, मग ॲम्ब्युलन्सला फोन, मग तुम्हाला. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, ती खाज कमी करते, श्वास मोकळा करत नाही. मुलाला आडवं झोपवायचं, श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं, पण उभं करून चालवत न्यायचं नाही. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच, काही तासांनी परत उसळू शकतं. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा, पण इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवू नका, ते साध्या खोलीच्या तापमानाला राहू द्या, ओट्याच्या वरच्या शेल्फवर, जिथे त्याच्या सगळ्यात बुटक्या मित्राचा पण हात पोचेल.